आर्सेनल की मँचेस्टर सिटी? तुझ्या तक्त्यावरून पदवीचा निर्णय

पत्र : मला फुटबॉलच्या आकड्यांचं वेड आहे. लीग जिंकणाऱ्या संघांचे हंगाम एका तक्त्यात मांडून, कोणाचा दबदबा जास्त असे मी त्यांना क्रमांक दिले, आधी गुणांवर आणि मग गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल). मँचेस्टर सिटीचा 2017-18 चा हंगाम वर येतो आणि आर्सेनलचा 2003-04 चा बराच खाली जातो. मैत्रिणी म्हणतात, तक्ताच चुकलाय, आर्सेनल तर अख्ख्या हंगामात हरलंच नव्हतं. घरच्यांना हे सगळं वेळ घालवणं वाटतं. पदवीला संख्याशास्त्र घेऊ, की खेळांच्या विश्लेषणाचा एखादा छोटा कोर्स करून लवकर कामाला लागू?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा तक्ता दोनदा वाचला. बेरजा बरोबर आहेत, आकडेही बरोबर आहेत. तरी मैत्रिणींच्या तक्रारीत तथ्य आहे. ते कुठे आहे हे शोधताना तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हाती लागेल, म्हणून आधी फुटबॉलच बोलू.

सिटीचे 38 सामन्यांत 100 गुण, गोलफरक अधिक 79. आर्सेनलचे 90 गुण, गोलफरक अधिक 47, त्यात 12 बरोबरी. नुसतं असं लिहिलं की वाद मिटल्यासारखा वाटतो. पण हे 100 आणि 90 कोणत्या गुणतक्त्यातले आहेत? मी दोन्ही हंगामांचे वीसही संघ घेऊन बसलो. 2017-18 मध्ये सरासरी संघाला 52.05 गुण मिळाले आणि गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे संघांचे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत याचं माप, सुमारे 18.7 आलं. 2003-04 मध्ये सरासरी 51.6, पण प्रमाण विचलन जेमतेम 14.8. म्हणजे आर्सेनलच्या वेळी संघ एकमेकांना जास्त चिकटून होते, तर सिटीच्या वेळी तक्ता वरखाली ताणला गेला होता. आता विजेता सरासरीच्या किती प्रमाण विचलनं वर आहे ते काढ. सिटी 2.57, आर्सेनल 2.60. दहा गुणांचा फरक कुठल्या कुठे गेला!

हे उत्तर पाहून मैत्रिणींकडे धावत जाऊ नकोस. या मोजमापातही एक भूमिका लपली आहे. तक्ता ताणलेला होता, म्हणून आपण सिटीचं श्रेय कमी केलं. पण तो ताण कुणी आणला? काही अंशी सिटीच्या स्वतःच्या 100 गुणांनीच. वीस संघांच्या तक्त्यात एकटा विजेता प्रमाण विचलन बऱ्यापैकी वाढवू शकतो. विजेत्याला बाजूला ठेवून उरलेल्या एकोणीस संघांचं विचलन काढ आणि क्रम बदलतो का ते बघ. मोठ्या आणि छोट्या क्लबांमधली पैशाची दरी रुंदावल्यामुळे तक्ता ताणला जात असेल, तर त्या दरीत वर असणाऱ्या संघाचं श्रेय कापायचं की नाही? याचं उत्तर कुठलंही सूत्र देत नाही, ते तुला ठरवावं लागतं आणि का ठरवलं ते लिहावं लागतं. संख्याशास्त्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग हाच असतो, आणि तू नकळत त्याच्या दाराशी येऊन थांबली आहेस.

जुन्या हंगामांबाबत तुझी एक चूक मात्र सरळ आहे. इंग्लंडमध्ये विजयाला तीन गुण 1981-82 पासून मिळू लागले, त्याआधी दोनच मिळत. त्यामुळे लिव्हरपूलचा 1978-79 चा हंगाम तुझ्या यादीत 68 गुणांवर रखडला आहे. त्यांनी 42 सामन्यांत 30 जिंकले, 8 बरोबरीत सोडवले. आजच्या हिशेबाने ते 98 गुण होतात. त्या हंगामात त्यांनी 16 गोल खाल्ले, आणि तू सर्वांत भक्कम बचावाचा मान दिलास चेल्सीला, 2004-05 मधल्या 15 गोलांसाठी. आता भागाकार कर : 16 भागिले 42 म्हणजे 0.381, 15 भागिले 38 म्हणजे 0.395. मान लिव्हरपूलचा! भाजक न पाहता केलेली तुलना अशी फसवते. जर्मनीच्या लीगमध्ये तर 34च सामने असतात, म्हणून बायर्न म्युनिकचे 2012-13 चे 91 गुण तुला कमी दिसले. दर सामन्याला ते 2.68 पडतात, सिटीचे 2.63. (गुण असे बदलून घेणंही पुरतं निर्दोष नाही. बरोबरी म्हणजे अर्धा विजय असे तेव्हा संघ खेळतही वेगळे असणार. अहवालात हे एक वाक्य असू दे.)

आणि प्रेस्टनला यादीत घे. 1888-89, इंग्लिश लीगचा पहिलाच हंगाम, बारा संघ, 22 सामने : 18 विजय, 4 बरोबरी, पराभव एकही नाही. तीन गुणांच्या हिशेबाने दर सामन्याला 2.64, म्हणजे सिटीच्या केसभर पुढे. पण 22 सामन्यांत टिकलेली सरासरी आणि 38 सामन्यांत टिकलेली सरासरी यांवर सारखाच भरवसा ठेवशील का? सामने कमी, तेवढा योगायोगाला वाव जास्त. हा वाव किती, हे आकड्यात सांगता येतं. ते कसं सांगायचं हे छोट्या कोर्समध्ये घाईघाईने उरकतात आणि पदवीत मुळापासून शिकवतात.

योगायोगाचं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. 2019-20 मध्ये लिव्हरपूलने 99 गुणांनी विजेतेपद घेतलं, दुसरी आलेली सिटी 81 वर राहिली. पण गोलफरक लिव्हरपूलचा अधिक 52 आणि सिटीचा अधिक 67. अठरा गुणांनी मागे असलेला संघ गोलांत पंधराने पुढे! निसटते सामने जिंकणं ही लिव्हरपूलची ताकद होती, की त्यात नशिबाचाही हात होता? मी यावर आजही ठाम मत देणार नाही. पण हा प्रश्न नीट मांडता येणारी मुलगी कुठल्याही मुलाखतीत लक्षात राहील.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : पदवीला संख्याशास्त्रच घे. संभाव्यता, प्रतिगमन, रेषीय बीजगणित हे पक्कं कर, सोबत आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची एसक्यूएल शिक. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे प्रमुख राहिलेले इयन ग्रॅहम मूळचे भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट. क्लब पाया बघतात, प्रमाणपत्रावर ‘खेळ’ हा शब्द आहे का हे त्यानंतर. छोटा कोर्स तिसऱ्या वर्षी हौस म्हणून खुशाल कर.

घरच्यांची काळजी मी हलकी मानत नाही. क्लबांमध्ये अशा जागा थोड्या असतात आणि अर्ज जगभरातून येतात. डेटा कंपन्या आणि प्रसारण वाहिन्या धरल्या तरी स्पर्धा कडक आहे. पण वेगवेगळ्या हंगामांची तुलना करताना ज्या अडचणी येतात, त्याच विमा कंपनीत वेगवेगळ्या वर्षांचे दावे तुलनेला घेताना येतात आणि औषधांच्या चाचण्यांत दोन रुग्णालयांचे निकाल शेजारी ठेवतानाही येतात. ही पदवी घेऊन फुटबॉलचं दार उघडलं नाही, तर बाकीची दारं बंद होत नाहीत. घरी हेच सांग, आणि सांगताना तक्ता समोर ठेव.

आता सुट्टीतलं काम. स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने आर्सेनलच्या 2003-04 च्या आणि जर्मनीच्या लेव्हरकुसेनच्या 2023-24 च्या लीग हंगामाचा डेटा मोफत खुला केला आहे, त्यात प्रत्येक पास आणि प्रत्येक फटका नोंदलेला आहे. दोन्ही संघ लीगमध्ये अपराजित, पण एकाच्या 38 सामन्यांत 12 बरोबरी, दुसऱ्याच्या 34 सामन्यांत 6. प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता, म्हणजे एक्सजी, त्यात दिलेली असते. ती सामन्यागणिक बेरीज करून बघ : कोणत्या संघाला बरोबरीत अडकूनही जास्त चांगल्या संधी मिळाल्या होत्या? दोन पानांत लिही. पहिल्या पानावर तू दबदबा कशाला म्हणतेस ते, दुसऱ्यावर निकाल आणि एकच आलेख. झालं की मला पाठव. विजेत्याला वगळून काढलेलं ते प्रमाण विचलनही सोबत जोड.