आठ दिवस ठेवून बघणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. निवाऱ्यातला नऊ वर्षांचा, पांढऱ्या तोंडाचा तो कुत्रा तुझ्या मनात भरला आहे, घरच्यांना पिल्लूच हवे आहे, आणि या ओढाताणीत तू मार्ग काढलास तो असा : ‘आठ दिवस ठेवून बघते, जमले नाही तर परत नेऊन देते.’ पिल्लू की म्हातारा, या वादात मी पडत नाही. त्याच्या पिंजऱ्यासमोर तू तासभर बसून आलीस, तेव्हाच तो मिटला. माझा राग आहे तो ‘ठेवून बघते’ या दोन शब्दांवर. लग्नकार्याला भांडी भाड्याने आणतात आणि मोजून परत देतात; कुत्रा तसा आणता येत नाही.

सतरा वर्षांपूर्वी मी तसाच एक आणला होता. आठ वर्षांचा, मागच्या पायांत जोर नसलेला. रोज रात्री तो दाराशी लघवी करी आणि सकाळी मी चिडचिड करत फरशी पुसत असे. नवव्या दिवशी त्याला रिक्षाने परत न्यायला निघालो. आपण फिरायला चाललो आहोत असे त्याला वाटले असावे. त्याने पुढचे दोन पाय रिक्षाच्या पायरीवर ठेवले आणि मान वळवून तो थांबला, कारण मागचा भाग मी उचलून देतो, एवढे तो त्या नऊ दिवसांत शिकला होता. मी उचलून दिला.

आई तेव्हा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरात काठी टेकत चालत होती. ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला असता तर काय, असे मी त्या वेळी सगळ्यांना सांगत असे, आणि आत्ता तुलाही तेच सांगतो आहे. कारण खोटे नव्हते. परंतु म्हातारा कुत्रा घरात लघवी करू लागला तर तो पुष्कळदा खोडसाळपणा नसून मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असतो, आणि रक्त-लघवीच्या साध्या तपासणीत तो कळू शकतो. ती तपासणी मी केली नाही. परतीचे दार उघडे होते, म्हणून कारण शोधावे असे मला वाटलेच नाही. परत न्यायचे मनात असेल तर आणूच नकोस, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

शिवाय आठ दिवसांत तुला तो कुत्रा दिसणारच नाही, दिसेल ती त्याची भीती. पहिले दोन-तीन दिवस तो कदाचित धड खाणार नाही, कोपरा सोडणार नाही. घर अंगवळणी पडायला तीन-तीन महिनेही लागतात. निवाऱ्याच्या लोकांनी तुला ही मुभा दिली असेल, तर ते त्यांच्या जागी बरोबर आहेत : जनावर रस्त्यावर सोडले जाण्यापेक्षा परत आलेले बरे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही जनावर उपाशी-तहानलेले वाऱ्यावर सोडणाऱ्याला दोषी धरतो. परत नेऊन देणाऱ्याला कोणीच काही म्हणत नाही. मलाही कोणी काही म्हटले नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पूर आला आणि पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले, तेव्हा माझ्याकडे निवाऱ्यातून आणलेली बारा वर्षांची मांजर होती. राजारामपुरीत ज्यांच्याकडे आम्ही आसरा घेतला, ते म्हणाले की पाणी ओसरेपर्यंत तरी हिला परत ठेवून या. मी ऐकले नाही. हट्टी म्हण हवे तर. तिने अन्नाला तोंड लावले नाही, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठले, कारण मांजर उपाशी राहिले की यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. गंगावेशीतले धारोष्ण दूध पाजून बघा, असाही सल्ला मिळाला होता. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, हे आपल्याकडे कोणाला पटत नाही.

तुझ्या घरीही प्रेमापोटी असेच काही होईल. रविवारच्या तांबड्या रश्श्यातले हाड त्याच्या ताटलीत पडू देऊ नकोस; शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. पाय दुखतात म्हणून घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच नको. डोळ्यांवर निळसर झाक असली की सगळे मोतीबिंदू म्हणतील. ती नुसती वयाचीही असते, डॉक्टरांनाच बघू दे. दात आणि रक्त पहिल्याच आठवड्यात तपासून घे, पुढे दर सहा महिन्यांनी. यात पैसे जातात. ते आजच मोजून बघ आणि झेपणार नसतील तर आजच नाही म्हण. त्यात कमीपणा नाही. नवव्या दिवशी नाही म्हणू नकोस.

आणायचे ठरले तर रविवारी सकाळी मला घ्यायला ये. तुमच्या गुळगुळीत फरशीवर अंथरायला दोन जुन्या सतरंज्या काढून ठेवल्या आहेत. एक मोठा टॉवेलही घेतो. त्याच्या पोटाखालून तो घालून, दोन्ही टोके धरून मागचा भाग रिक्षात कसा उचलायचा, ते तुला दाखवतो.

तुझा,
काका