आजोबांची २५ इंची दुनळी

प्रश्न : आजोबांची इंग्लिश बनावटीची बारा बोअरची दुनळी आता बाबांच्या परवान्यावर आहे. नळ्या २५ इंच. जुन्या बंदुका जमवणारे एक गृहस्थ म्हणाले, "हल्ली ३० इंचीला मागणी. ही आखूड कोण घेणार?" आजोबा तर आखूड नळीचंच कौतुक करायचे. चुकलं कोण?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आजोबा नक्कीच चुकले नाहीत. काळी दारू सावकाश जळायची, म्हणून लांब नळी लागायची. बिनधुराच्या दारूने ती गरज संपवली. १९२०च्या दशकात लंडनच्या रॉबर्ट चर्चिल यांनी २५ इंची बंदूक पुढे आणली. हलकी, खांद्याला लागताच पक्ष्याकडे वळणारी. नळ्या लांब भासाव्यात म्हणून त्यांच्यामधली पट्टी त्यांनी अरुंद आणि उंच केली. ही कारागिरी मला आजही मोहवते.

पुढे परदेशात मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी वाढली. लांबून आडव्या जाणाऱ्या तबकडीवर हात मध्येच थबकला की छर्रे मागे पडतात. लांब नळीचं वजन पुढे असतं, त्यामुळे ती एका लयीत फिरत राहते. नेमबाज लांब नळीकडे वळले, त्यांच्यामागून संग्राहकही.

फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात मी ३१ वर्षं काढली. एक गिऱ्हाईक सुरेख ३० इंची नळ्या 'चार इंच कापून द्या' म्हणून हटून बसलं होतं. विनापरवाना नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, हे सांगून त्यांना परत पाठवलं. ती बंदूक वाचली याचं समाधान अजून आहे.

म्हणून तुम्हीही आधी एवढंच पाहा, नळ्या मुळातच २५ इंची आहेत की नंतर कापलेल्या. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तोंडाकडून बघा. मूळ नळ्या तिथे जवळपास चिकटलेल्या असतात. मध्ये फट असेल, ती डाखाने किंवा तुकडा घालून बुजवलेली असेल, तर संशय घ्या. चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवण्यासाठी किंचित अरुंद केलेला भाग, नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत असतो, म्हणजे कापताना तोही गेला. मूळची २५ इंची असेल तर मागणी कमी म्हणून घाईने विकू नका.

आणि काडतुसं! जुन्या इंग्लिश बंदुकांचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंचांचं असतं. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं, पण उडवायचं नाही. परवानाधारक कारागिराकडून घर मोजून घ्या. पावसाळ्यात बंदूक कातडी कव्हरात ठेवू नका, आपल्या हवेत नळ्यांमधल्या पट्टीखाली गंज धरतो.