दोघांनाच ट्रेलरवरून बोट पाण्यात उतरवायची असेल तर ट्रेलरमध्ये काय बदल करावेत?

तुमच्या प्रश्नातून जे कळलं ते असं की बोट १४ फुटी फायबरची आहे, इंजिन धरून दीडशे-पावणेदोनशे किलो भरते, ट्रेलर इथंच नाशकात बनवून घेतलाय, बोट कार्पेट मारलेल्या दोन लाकडी पट्ट्यांवर बसते, आणि गंगापूर धरणाच्या काठावर दोघं मिळून ढकलता ढकलता नाकी नऊ येतात म्हणून आता मोठी विंच (दोर गुंडाळून बोट ओढायचं यंत्र) घेऊ का असं विचारताय. नका घेऊ. विंच बोट वर ओढायला लागते, उतरवताना तिचं काम फक्त बोटीला धरून ठेवायचं, आणि तेवढं तुमची आत्ताची विंच करतेच की.

खरी भानगड वेगळीय. कार्पेटवाल्या पट्ट्यांचा ट्रेलर हा बोट तरंगवून काढायचा ट्रेलर आहे. यूट्यूबवर बघता ना, माणूस गाडी मागं घेतो आणि बोट आपोआप तरंगत बाहेर येते, तिथं सिमेंटचा चांगला उताराचा रॅम्प असतो, साधारण आठ फुटाला एक फूट खाली जाणारा. आता तुमचा हिशोब करा. पट्ट्या जमिनीपासून दीड फूट वर, बोट तरंगायला अर्धा फूट पाणी, म्हणजे ट्रेलरच्या मागच्या टोकाशी निदान दोन फूट पाणी पाहिजे. रॅम्पवर ते १६ फुटांवर मिळतं, म्हणजे ट्रेलर पाण्यात आणि गाडीची मागची चाकं जेमतेम काठाला. आपल्याकडं धरणाचा काठ म्हणजे पसरट, वीस फुटाला एक फूट उतार धरला तरी तेच दोन फूट पाणी गाठायला ट्रेलर ४० फूट आत न्यावा लागतो, मग गाडीच्या मागच्या चाकांशीच फूटभर पाणी येतं आणि खाली काळी माती, एकदा चाक रुतलं की मग गावातून ट्रॅक्टर आणा. म्हणून सगळे काय करतात तर गाडी काठाला थांबवतात आणि बोट कोरड्या कार्पेटवरून ढकलत बसतात. कोरड्या कार्पेटवर वजनाच्या अर्ध्याच्या आसपास जोर लागतो, म्हणजे तुम्ही दोघं दरवेळी ७०-८० किलोचा धक्का मारताय, तोही चिखलात पाय रोवून. दमणारच.

तर मग ट्रेलर तरंगवायचा नाही, घरंगळवायचा करा. बोटीच्या खाली मधोमध जी कण्यासारखी धार असते तिच्याखाली ओळीनं रोलर बसवा, १४ फुटाला चार-पाच पुरतात, आणि सगळ्यात मागचा रोलर ट्रेलरच्या फ्रेमच्या शेवटच्या टोकाला, शक्य असेल तर किंचित बाहेरच. हा मागचा रोलर आत असला की बोट मागं सरकताना तिचं बूड फ्रेमच्या लोखंडावर घासतं, बरेच लोकल ट्रेलर इथंच मार खातात. पट्ट्या काढून टाकू नका, त्या बोट बाजूला कलंडू नये म्हणून राहू द्या, फक्त अर्धा-पाऊण इंच खाली घ्या म्हणजे भार रोलरवर येईल. रोलर बाहेरून मागवायची गरज नाही, सातपूर-अंबडला कुठल्याही लेथवाल्याकडं टर्न करून मिळतील, मधे खोलगट ठेवायला सांगा म्हणजे धार त्यात बसते. तो नायलॉन सुचवेल. नायलॉन चालतो पण पाणी पिऊन थोडा फुगतो आणि मग शाफ्टवर जाम होतो, तेव्हा एकतर भोक जरा ढिलं ठेवायला सांगा नाहीतर सरळ एचडीपीईचा (कडक, गुळगुळीत प्लास्टिकचा) रॉड घ्या. शाफ्ट स्टेनलेसचा. फिरत नसलेला रोलर पट्टीपेक्षा वाईट, सगळा भार एका जागी घासतो.

एवढा खर्च करायचा नसेल तर कार्पेट फाडून पट्ट्यांवर एचडीपीईच्या पट्ट्या स्क्रूनं मारा, स्क्रूची डोकी आत बुडवून. त्यानंही बराच फरक पडतो. ग्रीस मात्र फासू नका पट्ट्यांना, बोटीचं बूड बरबटतं आणि गंगापूरचं पाणी आपणच नळाला पितो. फारच अडलं तर मेणबत्ती घासा, किंवा बादलीभर पाणी ओता, ओली पट्टी कोरडीपेक्षा बरी.

दुसरं म्हणजे टिल्ट. ट्रेलरचा पुढचा दांडा ॲक्सलच्या थोडा पुढं बिजागरीसारखा करून घेता येतो, पिन काढली की फ्रेम मागं झुकते आणि बोट स्वतःच्या वजनानं रोलरवरून सुटते. पसरट काठाला यासारखं सुख नाही, जमीन उतार देत नाही तर उतार आपण ट्रेलरमध्येच तयार करायचा. पण हे वेल्डिंग ओळखीच्या, नीट हात बसलेल्या फॅब्रिकेटरकडूनच करा आणि पिनला दुहेरी लॉक ठेवा. रस्त्यावर ती पिन निघाली तर काय होईल ते सांगायला नको.

चिखलासाठी सोपा उपाय म्हणजे जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या दोन लांब पट्ट्या, चाकांच्या अंतरावर अंथरायच्या. भंगारात मिळतात, गुंडाळून बोटीतच ठेवता येतात. आणि गाडी पाण्याजवळ न्यायचीच नाही. ट्रेलरच्या दांड्याखाली पुढं हवेचं टायर असलेलं जॉकी व्हील, म्हणजे आधाराचं चाक, लावायचं (छोटं घट्ट रबरी चाक मातीत बुडतं, ते नको), ३०-४० फुटी जाड दोर ट्रेलरच्या दांड्याला आणि गाडीच्या हुकाला बांधायचा, मगच ट्रेलर हिचवरून (गाडीमागच्या जोडणीवरून) सोडायचा, आणि गाडी हळूहळू मागं घेत ट्रेलर खाली सोडायचा. गाडी कडक जमिनीवर, ट्रेलर पाण्यात. दिवाळीनंतर पाणी जसं उतरत जातं तसा काठ लांब आणि चिखल जास्त, मे महिन्यात तर दोर आणखी लांब लागेल. या वेळी ट्रेलरच्या मागं कोणी म्हणजे कोणी उभं राहायचं नाही, पोरं तर अजिबात नाही.

रोलर बसवल्यावर एक सवय बदलावी लागेल. आत्ता तुमची बोट हूक काढला तरी जागची हलत नाही, नंतर हलेल. गिरणारेच्या बाजूला एकानं नवीन रोलर लावल्या लावल्या सवयीनं वरच विंचचा हूक काढला, गाडीला ब्रेक लागला आणि बोट सरळ मुरुमावर, मागच्या कोपऱ्याचा जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा थर) हातभर सोलला. तेव्हा बोट ट्रेलरला बांधायचे मागचे पट्टे काठावर येऊन सोडा पण विंचचा हूक आणि साखळी बोटीचं मागचं टोक पाण्यात गेल्यावरच. आणि रोलर आले की रस्त्यावर मागचा पट्टाही बांधायलाच हवा.

बाकी किरकोळ. धरणावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका, चाकांची बेअरिंग गरम असतात, गार पाणी लागलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात बुडाचं बूच लावलंय का बघा, बोटीच्या पुढच्या टोकाला दोर बांधा, ट्रेलरच्या लाईटची पिन काढा. ट्रेलर मागं घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो, डोक्याला ताप नाही. आणि जलसंपदा विभागाची परवानगी तुमच्याकडं असेलच असं धरून चाललोय.

पैसे एकदम नसतील तर आधी मागचा एकच रोलर आणि दोर करा, टिल्ट नंतर. ट्रेलरचा मागून आणि बाजूनं फोटो टाका, ॲक्सल कुठंय ते दिसलं की बिजागरी कुठं येईल ते सांगतो.