दगडफुलावर चरणारी बुरशी

बियाटोरॉप्सिस ही बुरशीची छोटी प्रजाती लायकेनवर, म्हणजे दगडफुलावर, वाढते. मराठीत तिचा परिचय लिहिताना तिला ‘दगडफुलावरचे बांडगूळ’ म्हणावे की ‘परजीवी कवक’ म्हणावे, आणि तिचे नाव देवनागरीत कसे लिहावे, असे एका वाचकाने विचारले आहे. प्रश्नकर्त्याने ‘प्रजाती’ हा शब्द जातींच्या वरच्या गटासाठी योग्य रीतीने वापरला, याबद्दल त्याचे आधी अभिनंदन केले पाहिजे. वृत्तपत्रांत हल्ली एकेका जातीलाही हिंदीच्या वळणाने ‘प्रजाती’ म्हटले जाते आणि मग खऱ्या प्रजातीसाठी शब्दच उरत नाही.

आता बांडगुळाकडे वळू. हा शब्द इतका सैल झाला आहे की झाडाच्या फांदीवर मातीशिवाय जे काही हिरवे दिसेल त्याला डोंगरात भटकणारी मंडळी बेधडक बांडगूळ म्हणतात, आणि त्यात बिचारी आमरीही (ऑर्किड) सापडते. आमरी फांदीवर केवळ बसते. झाडाच्या सालीत शोषकमुळे घुसवून त्याचा रस ती पीत नाही. आंब्यावरचे खरे बांडगूळ मात्र नेमके तेच करते. हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही, पण त्यांनीही त्याची थोडी गल्लत केलेली दिसते. अमरकोशात वंदा या बांडगुळाला ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ अशी दोन्ही नावे शेजारीशेजारी दिली आहेत. पहिल्या नावाचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा अर्थ झाडावर उगवणारी. त्याच ‘वंदा’वरून संस्कृतज्ञ विल्यम जोन्स यांनी उचललेले नाव १८२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी एका आमरीच्या प्रजातीला रीतसर दिले. म्हणजे न खाणारीला खाणारीचे नाव चिकटले, आणि ‘वँडा’ म्हणून ते आज रोपवाटिकांत विकले जाते. ‘बांडगूळ’मधला ‘बांड’ही याच ‘वंदा’चा असावा असे माझे अनुमान आहे. हिंदीत त्याच वनस्पतीला ‘बांदा’ म्हणतात, एवढाच त्याला आधार असल्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही.

लायकेनसाठी परिभाषेत ‘शैवाक’ असा शब्द चालतो. शैवालाचे शीर आणि कवकाची शेपटी जोडून तो घडवल्याचे उघड दिसते. लायकेनमध्ये शैवाल आणि कवक एकत्र राहतात हे त्यातून कळते खरे, पण तो शब्द उच्चारताना प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीचा वास येतो. गोड्या मसाल्यात ज्याची वाळकी पाने घालतात ते ‘दगडफूल’ हाच आपला शब्द आहे. ‘ते दगडावरचे नसते, ते फूलही नसते, म्हणून शब्द अशास्त्रीय’ असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. बाजारातले दगडफूल बहुतांशी झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेले असते हे मला मान्य आहे, पण अमरकोशातच शैलेयाला, म्हणजे दगडफुलालाच, ‘अश्मपुष्प’ म्हटले आहे, आणि दगडफूल म्हणजे त्याच नावाचे शब्दशः मराठी रूप होय. इतक्या जुन्या वंशावळीच्या शब्दाला अशास्त्रीय ठरवून बाहेर काढणाऱ्यांनी आधी भुईमुगातला मूग काढून दाखवावा.

‘परजीवी’ या शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दुसऱ्याच्या जिवावर निर्वाह करणारा तो ‘परोपजीवी’. ‘उपजीविका’ या शब्दातला ‘उप’ गाळला की निर्वाहाचा अर्थच निसटतो. ‘लहान शब्द बरा’ हे समर्थन मला पटत नाही, कारण तसेच असेल तर ‘भोजनभाऊ’ का नको? इंग्रजी ‘पॅरासाइट’च्या मुळाशी असलेला ग्रीक ‘पारासितोस’ हा अक्षरशः भोजनभाऊच होता. ‘पारा’ म्हणजे शेजारी आणि ‘सितोस’ म्हणजे धान्य, अन्न. तो देवळातल्या भोजनात मानाने सहभागी होणारा होता. पुढे ग्रीक विनोदी नाटकांनी त्याला श्रीमंतांच्या पंगतीत घुसणारा आयतोबा करून टाकले.

परंतु या बुरशांसाठी शास्त्रज्ञ ‘पॅरासाइट’च्या आधी एक वेगळाच शब्द वापरतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. तो शब्द ‘लायकेनिकोलस’ असा आहे. लॅटिनमध्ये ‘कोला’ म्हणजे राहणारा, कसणारा. शेतकरी तो ‘अग्रिकोला’. या ‘कोला’चे क्रियापद ‘कोलेरे’. ‘कॉलनी’ आणि ‘कल्चर’ याच घरातले. आता हे क्रियापद ज्या आदिम धातूपासून आले त्याचा मूळ अर्थ वळणे, फिरणे, वावरणे असा होता, आणि त्याच धातूपासून संस्कृतात ‘चर्’ आला. म्हणजे लॅटिन ‘कोला’ आणि आपल्या जलचर-निशाचरांतला ‘चर’ हे सख्खे चुलतभाऊ आहेत. ग्रीकमधला गुराखी ‘बूकोलोस’ आणि संस्कृत ‘गोचर’ यांची घडण तर जवळजवळ सारखी आहे: दोन्हीकडे आधी गाय, मग हा धातू. एकात गाईंमागे वावरणारा माणूस दिसतो, दुसऱ्यात गाई वावरतात ते रान दिसते.

मराठीने या धातूला जे वळण दिले ते मला सर्वांत आवडते. संस्कृत ‘चर्’ला फिरणे आणि चरणे असे दोन्ही अर्थ होतेच, पण मराठी ‘चरणे’त फिरता फिरता खाणे हाच अर्थ वर आला. गुरे रानात चरतात म्हणजे तिथे असतातही आणि तेच रान खातातही. लॅटिन शब्दात फक्त राहणे आहे, म्हणून इंग्रजीत ‘लायकेनिकोलस’ म्हटल्यावर ती बुरशी यजमानाचे काय करते हे आणखी वेगळे सांगावे लागते. आपल्याकडे ‘दगडफूलचर बुरशी’ म्हटले की राहणे आणि खाणे दोन्ही एका अक्षरजोडीत बसते, आणि एखादी बुरशी केवळ राहणारी निघाली तरी ‘जलचर’च्या चालीने शब्द खोटा पडत नाही. कोणी यावर ‘परिभाषेत एका शब्दाला एकच अर्थ हवा’ असे म्हणेल. जिथे निसर्गातच सीमारेषा धूसर आहे तिथे शब्दाकडून रेघ मारून घेण्याचा हा हट्ट मला कारकुनी वाटतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत केवळ दगडफुलांवरच जगणाऱ्या बुरशांच्या सुमारे २,००० जाती नोंदल्या आहेत. त्यातल्या काही यजमानाला मारून टाकतात, तर काही त्याला फारशी इजा न करता नांदतात.

खुद्द बियाटोरॉप्सिस ही खाणारी आहे. उस्निया नावाचे दगडफूल झाडांच्या फांद्यांवरून राखाडी-हिरव्या दाढीसारखे लोंबते. आपल्या सह्याद्रीतही उस्निया आहे, आणि एका जातीच्या ‘घाटेन्सिस’ या नावात घाटच आला आहे. उस्नियाच्या तंतूंवर ही बुरशी गुलाबीसर ते काळपट अशा लहान गाठी आणते. तिचे शोषकतंतू दगडफुलातल्या शैवालाला नव्हे, तर त्यातल्या कवकाला चिकटतात, म्हणजे येथे बुरशीच बुरशीला चरते. म्हणूनही ‘बांडगूळ’ येथे शोभत नाही. बांडगूळ स्वतः हिरवे असते आणि झाडाकडून पाणी-क्षार घेऊन उरलेला स्वयंपाक घरी करते, तर या बुरशीच्या घरी चूलच नाही.

फिन्लंडचे लायकेनतज्ज्ञ वेली रॅसॅनेन यांनी १९३४ मध्ये हे नाव दिले. ‘बियाटोरा’ ही दगडफुलांची एक प्रजाती आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे दिसणे, तेव्हा नावाचा अर्थ एवढाच की ती बियाटोरासारखी दिसते. आपल्या ‘अक्षि’चा आणि या ‘ऑप्सिस’चा धातू एकच आहे. नावातले साम्य मात्र दिसण्यापुरतेच निघाले: १९९४ मध्ये ही बुरशी ट्रेमेला या थलथलीत बुरशीच्या गोतातली असल्याचे स्पष्ट झाले. उस्नियावर तिची एकच जात असल्याचे दीर्घकाळ मानले जाई, आणि २०१६ मध्ये या प्रजातीत आणखी तीन जातींची भर पडली.

देवनागरीत ‘बियाटोरॉप्सिस’ असेच लिहावे. ‘बायटोरोप्सिस’ हे इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांनी वाचून केलेले रूप आहे. त्यात ‘बियाटोरा’ हरवते आणि ‘ऑप्सिस’चा डोळाही मिटतो.