वाचकांचे प्रश्न : चौसष्ट वस्तीची काउंटी

टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत जेमतेम साठ-सत्तर माणसे राहतात म्हणे. मग ती शेजारच्या काउंटीत विलीन का करत नाहीत? (सातारा)

एकदा करून झाले आहे. न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेली ही काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 1887 मध्ये टॉम ग्रीन काउंटीतून कागदावर वेगळी निघाली. 1890 च्या जनगणनेत इथे माणसे होती तीन. तरीही 1893 मध्ये पेकोस नदीवर कालवा काढायला निघालेल्या एका कंपनीच्या मंडळींनी मतदारांचा अर्ज पुढे करून काउंटीचा कारभार सुरू करून घेतला आणि निवडणुकीत 83 मते पडल्याचे दाखवले. एवढे मतदार आले कुठून, हे उघडच आहे. 1897 मध्ये विधिमंडळाने हा कारभार मोडीत काढून काउंटी रीव्ह्ज काउंटीला जोडली. पुढे 1920 च्या दशकात तेल लागले, वस्ती वाढली आणि 1931 मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली. दोनदा स्थापन झालेली टेक्सासमधली ही एकमेव काउंटी.

2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 64 भरली. क्षेत्रफळ मात्र मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून होते त्याच्या तिपटीच्या आसपास. तेलविहिरींवरचा मालमत्ता कर काउंटीच्याच तिजोरीत पडतो, तेव्हा विलीनीकरणाची घाई इथे कोणाला असणार?

एवढ्याशा वस्तीत सगळी पदे भरतात तरी कशी? (नांदेड)

एकाच माणसाकडे दोन-दोन पदे देऊन. टेक्सासच्या 254 काउंट्यांचा साचा एकच आहे : एक काउंटी जज आणि चार प्रभागांतून निवडलेले चार कमिशनर. या पाच जणांचे ‘कमिशनर्स कोर्ट’ अंदाजपत्रक, रस्ते आणि कराचा दर ठरवते. जज हा या मंडळाचा अध्यक्ष. तो वकील असलाच पाहिजे असे नाही.

लहान काउंटीला पदे एकत्र करण्याची मुभा आहे. त्यामुळे इथे शेरिफच, म्हणजे निवडून आलेला पोलीसप्रमुखच, कर गोळा करतो आणि मतदारनोंदणीही त्याच्याचकडे. दस्तनोंदणी सांभाळणारा काउंटी क्लर्क आणि जिल्हा न्यायालयाचा क्लर्कही एकच. याच शेरिफच्या खुर्चीवर 1945 मध्ये एडना रीड क्लेटन बसल्या. टेक्सासमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला शेरिफ.

अडते ते ज्यूरीपाशी, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापाशी. गंभीर गुन्ह्याच्या खटल्याला बारा ज्यूरर लागतात आणि चौसष्टांतून मुले, नातेवाईक, साक्षीदार वगळले की आकडा जुळवणे कठीण. मतदारयादीचे वादही जुनेच. कायद्याने निवास म्हणजे जिथे परतण्याचा इरादा आहे ते घर. त्यामुळे वर्षभर बाहेर नोकरी करणारा इथला मतदार ठरू शकतो की नाही, यावर भांडणे होतात.

ह्यूस्टनमध्ये राहतो. लव्हिंग काउंटीतल्या खनिज हक्काचा छोटा हिस्सा विकत घेण्याचा विचार आहे. कागद कसे तपासावेत? (ह्यूस्टन)

सातबाऱ्यासारखा एक उतारा काढून मोकळे व्हाल, असे तिथे नाही. मालकी ठरते ती खरेदीखतांच्या साखळीवरून. जमिनीचे वरचे हक्क आणि खालचे खनिज हक्क वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात.

आधी ब्लॉक, सेक्शन आणि ॲबस्ट्रॅक्ट क्रमांक, म्हणजे मोजणीतले जमिनीच्या तुकड्याचे क्रमांक, घ्या. नुसता पत्ता कामाचा नाही. मग मेंटोनला, म्हणजे काउंटीच्या मुख्यालयी, क्लर्ककडच्या विकणारा-घेणारा अशा दोन्ही सूच्यांत आजच्या मालकापासून मागे मागे जा. बहुतेकांची फसगत होते ती 1931 च्या अलीकडेच थांबल्यामुळे. 1897 ते 1931 या काळात काउंटी रीव्ह्जला जोडलेली होती, म्हणून तेव्हाच्या दस्तांसाठी पेकोस गावातल्या रीव्ह्ज काउंटीच्या कचेरीत शोध घ्यावाच लागतो.

प्रत्येक खतात ‘खनिजे राखून’ असे कलम आहे का ते शब्दशः वाचा. वडिलांनी अर्धा हिस्सा राखला आणि मुलाने नंतर ‘अर्धा’ विकला, तर तो संपूर्णाचा अर्धा की राखलेल्याचा अर्धा, यावरून पाव हिश्श्याचा फरक पडतो. मालक दुसऱ्या राज्यात वारला असेल, तर वारसाचे कागद याच काउंटीत नोंदवलेत का ते पाहा.

ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसलाही, म्हणजे राज्याच्या जमिनींच्या खात्यालाही, विचारा. 1895 ते 1931 दरम्यान राज्याने ‘खनिजयुक्त’ म्हणून विकलेल्या शाळा-निधीच्या (शाळांच्या खर्चासाठी राखलेल्या) जमिनींत खनिजे राज्याचीच राहिली. जमीनमालक तिथे तेल-वायूचा भाडेपट्टा करतो तो राज्याचा प्रतिनिधी म्हणून. अशा सेक्शनमधले खनिज हक्क कोणी खासगी म्हणून विकायला काढले तर तिथेच थांबा. विकणारा फक्त ‘क्विटक्लेम’ खत देतो म्हणत असेल तरीही सावध व्हा : माझे काही असेल तर ते तुझे, इतकेच ते खत सांगते. शेवटचा शोध टेक्सासच्या तेल-वायू व्यवहारातल्या वकिलाकडून करून घ्या आणि त्याचे लेखी मत हातात आल्यावरच पैसे द्या.

तिथली मुले शाळेत कुठे जातात? (पुणे)

शेजारच्या विंकलर काउंटीतल्या विंक गावात. शाळा-जिल्हा, म्हणजे शाळा चालवणारा स्वतंत्र विभाग, दोघांचा मिळून आहे. शाळेचा कर काउंटीच्या करापासून वेगळा असतो आणि तो ठरवणारे मंडळही वेगळे निवडून येते.