पोट्टा मयतीची गाणी ऐकते

‘मुलगा सारखी उदास, अंधारी गाणी ऐकतो. ऐकून ऐकून स्वतःचं काही बरंवाईट तर करून घेणार नाही ना?’ हा प्रश्न विचारताना माझ्याकडे आलेल्या पालकांचा आवाज आपोआप खाली येतो. आमच्या ब्रह्मपुरी-नागभीडकडच्या धानपट्ट्यात ही भीती उगाच आलेली नाही. आपल्या नाहीतर शेजारच्या गावातलं एखादं घर प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून ‘वयच तसं आहे, काही होत नाही’ असं म्हणून मी कुणालाही परत पाठवत नाही. खाली सांगते आहे ती गोष्ट एका घरातल्या तिघांना विचारून लिहिली आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

रोवणीचे दिवस होते. वडील बसायच्या आधीच बोलू लागले, “मॅडम, पोट्टा बिघडला जी. रातभर मयतीचे गाने आयकते. गानं म्हनाव तं त्यात मानूस डुकरावानी गुरगुरते.” अंगारा लावून झाला होता. मोबाइल काढून घेऊन झाला होता आणि तिसऱ्या दिवशी परतही देऊन झाला होता. आई काही बोलली नाही. तिने पिशवीतून एक काळा टी-शर्ट काढून टेबलावर ठेवला. तो उलटा करून घडी घातलेला होता, छातीवरचं थडग्याचं चित्र आत जावं म्हणून. धुतानाही उलटाच धुते आणि मागच्या वाडीत वाळू घालते, लोक काय म्हणतील म्हणून, असं तिने नंतर सांगितलं.

मी गाण्यांबद्दल एक अक्षर न विचारता आधी बाकीचं विचारलं. झोप? दोनला झोपते, नवाला उठते. जेवण? भाजी आवडली नाही तर भांडते. कॉलेज? एसटी चुकली नाही तर जाते. रोवणीला बांधीत उतरला होता का? उतरला होता, आणि चुलतभावाशी क्रिकेटवरून वादही घातला होता. हे ऐकून माझी निम्मी काळजी उतरली. ज्याला भाजीवरून भांडायचा उत्साह आहे, तो पोरगा सध्या तरी जगण्यात गुंतलेला आहे.

मग त्याला एकट्याला बसवलं. वीसेक वर्षांचा, बीएस्सीला. मी म्हटलं, “मला ऐकव की.” त्याला ते अपेक्षित नसावं. त्याने माय डाइंग ब्राइड नावाच्या इंग्लंडच्या बँडचं एक गाणं लावलं. ते संपता संपेना. गिटार इतकी जड आणि सावकाश की दोन ठोक्यांमध्ये माणूस श्वास घेऊन सोडेल. मध्येच एक व्हायोलिन, आणि खाली तो गुरगुरणारा आवाज. मला आवडलं असं म्हणणार नाही. पण पोरगा मात्र बोलता झाला, आणि पाऊण तास बोलत राहिला.

त्याच्याकडून कळलं ते असं. याला डूम मेटल म्हणतात. मूळ बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये. त्यांचा पहिला अल्बम 1970 चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. त्या खर्जाचा जडपणा हीच पुढे या संगीताची खूण झाली. 1990 च्या आसपास उत्तर इंग्लंडमधल्या पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अनाथेमा या बँडनी त्यात विरह, मृत्यू, पडकी चर्चं असं सगळं आणलं. पॅराडाइज लॉस्टच्या 1991 च्या अल्बमचं नावच ‘गॉथिक’. हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड ही यातल्या पहिल्या दोन बँडची गावं एके काळी लोकरीच्या गिरण्यांची होती. हे सांगताना पोराचे डोळे चमकत होते. डिप्रेशनच्या तपासणीत मी ज्या गोष्टी शोधते, त्यातली एकही त्या पाऊण तासात दिसली नाही.

“पण उदासच का?” मी विचारलं. तो म्हणाला, “बाकीची गानी ‘नाच, नाच’ म्हनतात, मॅडम. हे काहीच करायला सांगत नाही.” आणि थोड्या वेळाने, “ऐकून झालं की हलकं वाटते.”

हे शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून घेतलं. उदास संगीताच्या बाबतीत काय ऐकतो यापेक्षा ऐकून झाल्यावर कसं वाटतं हे महत्त्वाचं असतं. काही मुलं तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून तोच सल उगाळत बसतात आणि उठतात तेव्हा आणखी खचलेली असतात. तिथे मी थांबून चौकशी करते. पण बहुतेक श्रोत्यांचं तसं नसतं. बर्लिनच्या दोन संशोधकांनी 2014 मध्ये 772 लोकांना उदास संगीताबद्दल विचारलं, तर सर्वांत जास्त लोकांनी दुःख नव्हे, जुन्या आठवणींची हुरहूर सांगितली. ऑस्ट्रेलियात 2015 मध्ये कर्कश मेटल ऐकणाऱ्या 39 तरुणांना आधी मुद्दाम राग आणवला आणि मग त्यांचंच संगीत ऐकू दिलं. त्यांचा राग भडकला नाही, उलट ते निवळले. अर्थात ते मुळातच त्या संगीताचे शौकीन होते. हाच प्रयोग वडिलांवर केला असता तर निकाल वेगळा आला असता.

वडिलांना मात्र मी ही आकडेवारी सांगितली नाही. ते झाडीपट्टीच्या नाटकांचे वेडे. दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, सुरू झाली की वडसाच्या कंपन्यांची नाटकं पाहायला रात्र रात्र जागणारा माणूस. मी विचारलं, “भाऊ, नाटकात रडता का?”

“रडतो ना जी. रडूच नाही आलं तं तिकिटाचे पैसे बुडाले!”

“आणि सकाळी?”

“सकाळी का? मस्त वाटते. चहा पितो अन् वावरात जातो.” एवढं बोलून ते थांबले, बायकोकडे पाहिलं आणि हसले. मग मीही सांगून टाकलं की करुण हाच खरा एकमेव रस असं मानणारा संस्कृत नाटककार भवभूती आपल्याच विदर्भातला, आणि त्याचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचंच, असं मानतात. आमगावला त्यांची साळी राहते, त्यामुळे हा मुद्दा त्यांना सर्वांत पटला. रात्री अकरानंतर हेडफोन नको आणि मोबाइल रात्रभर उशाशी नको, एवढं ठरवून तिघं गेले.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

धान चुरून झाल्यावर, थंडीत, आई एकटीच आली. चेहरा उजळलेला. “सुटलं जी त्याचं ते गान्याचं! महिना झाला, एक गानं नाही लावलं. हेडफोन बी चुलतभावाले देऊन टाकला. ते काळे शर्ट बी वाटून टाकले.” ती पेढे घेऊन आली होती. पेढा हातात घेऊनच मी विचारलं, “दुसरं काय लावतो मग? पिच्चर, क्रिकेट?” काही नाही. मित्र? येत नाहीत. जेवण? “आता भांडत नाही, जे वाढलं ते अर्धं खाते.” झोप? पहाटे तीनला उठून अंगणात बसलेला दिसतो.

जुलैत तो थडग्यांची गाणी ऐकत होता तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती. आवडीची गोष्ट आवडेनाशी होणं, हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक. दुसरं, दिवसचे दिवस खिन्न राहणं. आणि जीव लावलेल्या वस्तू एकाएकी वाटून टाकणं ही तर धोक्याची घंटा. त्याच दिवशी मुलाला बोलावून घेतलं.

मी सरळ विचारलं, “मरून जावं असं मनात येतं का?” असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. उलट विचारणारं कुणी भेटलं की माणूस सुटतो. बराच वेळ खाली पाहून तो म्हणाला, “येते.” गाणी का सोडली, तेही विचारलं. “लावून पाहिली, मॅडम. नुसता आवाज येत होता. काही वाटतच नव्हतं.” कारणं पुढे हळूहळू कळली. ती त्याची आहेत, इथे लिहीत नाही.

त्या संध्याकाळी पहिलं काम गाण्याचं नव्हतंच. घरातली फवारणीची औषधं वडिलांनी उचलून दुसऱ्याच्या कुलुपात नेऊन ठेवली. काही दिवस त्याला एकटं ठेवायचं नाही, पण पहारा ठेवल्यासारखंही वागायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. घरच्यांना ‘फरक नाही’ असं वाटून सोडून देण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो, म्हणून ते आधीच सांगावं लागतं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिघांच्याही फोनमध्ये भरून दिला. तो फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आता तो माझ्याकडे येतो, बोलतो. परवा वडील आले ते तक्रार घेऊनच. हेडफोन परत आणला नाही आणि आता स्पीकरवरच लावते, म्हशी बुजतात. मी विचारलं, “भाजीवरून भांडतो का?” म्हणाले, “भांडते ना जी, रोज.” हेडफोनचे पैसे त्यांनीच द्यायचे ठरले, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे मी त्यांना पुन्हा एकदा बजावलं.