हातोडा ऐंशी हजारांवर, हातात त्रेसष्ट

(जुन्या वस्तूंविषयीचं वाचकांचं सदर. उत्तरं देणाऱ्या काकूंनी मुंबईत फोर्टातल्या एका लिलावगृहाच्या हिशोब विभागात १९ वर्षं काढली. आता त्या नारायण पेठेत राहतात.)

प्रश्न : वडिलांचे पोस्टाच्या तिकिटांचे तीन अल्बम आम्ही लिलावाला दिले. तिन्ही लॉट मिळून ८०,००० रुपयांना गेले, हे मी स्वतः स्क्रीनवर पाहिलं. दीड महिन्याने खात्यात जमा झाले ६३,१२६. घेणाऱ्या गृहस्थांशी नंतर योगायोगाने बोलणं झालं, तर ते म्हणाले, मी ९८,८८० मोजले! मग मधले पैसे कुणी खाल्ले? तक्रार करावी का? हिशोबाचा कागद सोबत जोडला आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तक्रार करू नका, टिकणार नाही. कागदाची मी दोनदा बेरीज केली, रुपयाचाही घोळ नाही. घोळ आहे तो सही करताना काय वाचलं आणि काय वाचलं नाही, यात.

माझं माहेर खेड तालुक्यातलं. भाऊ पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल पाठवायचा आणि संध्याकाळी पट्टी यायची. वर मालाची रक्कम, खाली हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडं आणि तळाला उरलेले पैसे. तुमचा कागद म्हणजे तीच पट्टी, फक्त गुळगुळीत कागदावर छापलेली. तुमच्याकडून १५ टक्के कमिशन, म्हणजे १२,००० रुपये. फोटो काढण्याचे लॉटमागे ५०० प्रमाणे १,५००. विम्याचे ८००. झाले १४,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी २,५७४. एकूण वजावट १६,८७४.

पलीकडे घेणाऱ्याकडून २० टक्के 'बायर्स प्रीमियम' (बोलीच्या वर लिलावगृह घेतं तो आकार), म्हणजे १६,०००, आणि त्यावर जीएसटी २,८८०. (काही लिलावांत खुद्द वस्तूच्या किमतीवरही कर लागतो. विकणारा कोण आणि वस्तू कुठली यावर ते ठरतं. तुमच्या बाबतीत लागलेला दिसत नाही.) घेणाऱ्याच्या खिशातून निघालेल्या प्रत्येक १०० रुपयांतले तुमच्यापर्यंत पोचले ६४.

दोन्हीकडून घ्यायची पद्धत फार जुनी नाही. लंडनच्या ख्रिस्टीज आणि सदबीज या दोन बड्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये घेणाऱ्यावर १० टक्के लावायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण प्रीमियम राहिला आणि वाढत गेला. पुढे तर विकणाऱ्याचं कमिशन किती घ्यायचं हे या दोघांनी आतून संगनमताने ठरवल्याचं उघड झालं. २००० साली ग्राहकांना ५१.२ कोटी डॉलर द्यायचं कबूल करून त्यांनी दिवाणी दावा मिटवला, आणि सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन यांना तुरुंगात जावं लागलं. आमच्या ऑफिसात त्या दिवसांत चहाला दुसरा विषय नव्हता.

आता मुद्द्याचं. 'प्रीमियम घेणाऱ्याकडून जातो, आपल्याला काय त्याचं' असं आता तुम्ही म्हणाल. तिथेच चूक होते. लिलावाच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत कायम एक रविवार पेठेतले व्यापारी बसायचे. त्यांच्या कॅटलॉगच्या समासात प्रत्येक लॉटपुढे पेन्सिलीने दोन आकडे असत. एक वरचा, एक खालचा. मी एकदा विचारलंच. वरचा आकडा म्हणजे वस्तू दुकानात पोचेपर्यंत पडायला हवी ती किंमत, आणि खालचा म्हणजे त्यातून प्रीमियम आणि कर काढून उरलेली बोली. खालच्या आकड्याला हात खाली. वर एक रुपया नाही. तुमच्या अल्बमची किंमत त्यांच्या लेखी ९९ हजार असेल, तर ते ८० ला थांबणार. म्हणजे प्रीमियमचे पैसे छापलेले असतात घेणाऱ्याच्या बिलावर, पण कापले जातात तुमच्या हातोड्याच्या किमतीतून.

२०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचेच बाकी होते. भाऊ मात्र चार आठवड्यांच्या पट्ट्या समोर ठेवून म्हणाला, "ताई, ओळ गेली, पैसे कुठे आले? त्यांनी बोलीच खाली लावली."

म्हणून पुढच्या वेळी दोन-तीन लिलावगृहांना एकच प्रश्न विचारा : "८० ला हातोडा पडला तर माझ्या खात्यात किती?" टक्के सांगू लागले तर थांबवा आणि आकडा लिहून मागा. छापील प्रीमियम कुणी कमी करत नाही, पण विकणाऱ्याचं कमिशन घासाघीस करून उतरतं. माल चांगला असेल तर फोटोचे पैसेही सोडतात. आमच्याकडे साहेबांची सही घेऊन मी कित्येकांचं १५ चं १० केलंय. विचारलं त्यांचंच, न विचारणाऱ्यांचं नाही. सदबीजने २०२४ मध्ये प्रीमियम २० टक्क्यांवर आणला आणि विकणाऱ्याचं कमिशन पहिल्या पाच लाख डॉलरवर ठरलेलं १० टक्के करून टाकलं. मोठे विक्रेते बिथरले, आणि २०२५ मध्ये प्रीमियम पुन्हा वर. २० लाख डॉलरपर्यंत २७ टक्के. घासाघीस करता आली नाही की माल दुसऱ्या दारात जातो, हे त्यांनाही वर्षभरात कळलं.

आणखी एक. बड्या लिलावगृहांच्या निकालात छापलेली किंमत बहुतेकदा प्रीमियम धरून असते, लिलावाआधी छापलेली अंदाजाची किंमत मात्र प्रीमियम सोडून. 'तसलाच अल्बम लाखाला गेला' असं कुणी सांगितलं, तर कुठला आकडा ते आधी विचारा. तुमच्या फोटोतलं १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट पाहिलं. स्वित्झर्लंडमध्ये छापलेलं, सुरेख आहे. पण मागच्या डिंकावर हिंजचा (तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग आहे. तो धरता मला ८० हजार कमी वाटले नाहीत.

प्रश्न : काकू, ऑनलाइन लिलावात एक जुना रोलीकॉर्ड कॅमेरा मी २० हजारांच्या बोलीला जिंकला. बजेट तेवढंच होतं. बिल आलं २७,२२२ चं! आता नाही म्हणता येईल का?
– नि., हिंजवडी

उत्तर : नाही येणार. बटण दाबलंस तेव्हाच करार झाला. पैसे भरले नाहीस तर पुढच्या लिलावात नाव घेणार नाहीत, शिवाय वसुलीची पत्रं येतील.

तुझ्या बिलात २२ टक्के प्रीमियम आहे. शिवाय तू लिलावगृहाच्या साइटवरून बोली न लावता दुसऱ्याच एका ॲपवरून लावलीस, त्याचे वेगळे ५ टक्के. दोन्हींवर १८ टक्के कर धरला की २७ चे जवळजवळ ३२ होतात. वर पॅकिंग-कुरिअरचे ८५०. गृहाच्याच साइटवर नाव नोंदवलं असतंस तर त्या ५ टक्क्यांचे, कर धरून, ११८० रुपये वाचले असते.

हिशोब उलटा करायचा. खिशात २० हजार, त्यातून कुरिअरचे ८५० आधी बाजूला, उरले १९,१५०. त्याला १.३१८६ ने भागायचं. येतात १४,५२३. म्हणजे तुझी शेवटची बोली साडेचौदा. हा आकडा कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटव, कारण शेवटच्या दीड मिनिटात डोकं चालत नाही. माझंही चालत नाही.

कॅमेरा आला की मागचं झाकण उघडून लेन्समधून टॉर्च मार. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. 'जसा आहे तसा' या अटीवर विकलेल्या वस्तूची बुरशी ही तुझी बुरशी. कॅटलॉगमध्ये 'लेन्स स्वच्छ' असं स्पष्ट छापलं असेल तरच भांडता येईल, आणि तेही दिलेल्या मुदतीत. म्हणून टॉर्च आजच.

प्रश्न : राखीव किंमत (जिच्याखाली माल विकायचा नाही ती) ठेवली की विकणारा सुरक्षित, हे खरं का?
– एक वाचक, सातारा रोड

उत्तर : अर्धं खरं. सासऱ्यांचा चावीचा ग्रामोफोन मी निवृत्तीनंतर एका लिलावात दिला (आमच्या नव्हे). राखीव किंमत माझ्याच हट्टाने ३०,०००. बोली २४ वर थांबली, लॉट परत आला, आणि सोबत १,७७० रुपयांचं बिल : न विकल्याचा आकार १,५०० आणि कर २७०. आयुष्यभर लोकांना हीच बिलं पाठवली होती मी! ग्रामोफोन दिवाणखान्यात आहे. त्यावर सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला असतात. राखीव किंमत ठेवा, पण अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा जरा कमीच, आणि न विकल्यास काय लागेल ते सहीआधी विचारा.

प्रश्न : आजीच्या डब्यात तांब्याची पन्नासेक जुनी नाणी निघाली. भाचा लंडनला असतो. तिकडे लिलावाला पाठवली तर जास्त मिळतील ना?
– एक भगिनी, सासवड

उत्तर : मुळीच पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपुढचं नाणंही पुरावशेष ठरतं, आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. भाच्याच्या बॅगेत सापडलं तर नाण्यापरी नाणं जाईल आणि त्याच्यामागे खटला लागेल.

फोटोवरून बहुतेक दुदांडी शिवराया दिसताहेत, म्हणजे पेशवाईतली तांब्याची नाणी. या ढिगाने मिळतात. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली तर चादरीवर पसरलेल्या दिसतील. असल्या मालाला लिलावच परवडत नाही. टक्के कमी दिसतात, पण लॉटमागचे ठरावीक आकार स्वस्त वस्तूला खाऊन टाकतात. आधी कुणा जाणत्या संग्राहकाकडून एखादं वेगळं नाणं आहे का ते पाहून घ्या. निघालं तर तेवढंच लिलावात द्या.

आणि चिंच लावून घासली नाहीत ना अजून? नसतील तर तशीच राहू द्यात, काळी.